बगीच्याची वही आणि स्पॅनिश भूतकाळ

स्पॅनिशमध्ये झाड छाटण्याला 'पोदार' म्हणतात. ज्याला स्पॅनिशचा भूतकाळ शिकायचाय आणि ज्याचं घर वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात आहे, त्यानं सुरुवात या क्रियापदापासून करावी असं मला मनापासून वाटतं. पुस्तकं बहुधा 'आब्लार', म्हणजे बोलणे, इथून सुरू होतात. त्यालाही हरकत नाही. पण बोलून झालेलं डोळ्यांना दिसत नाही, छाटून झालेलं दिसतं. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, निघालेली असते, कापलेल्या फांदीवर बोर्डो या बुरशीनाशकाचं निळसर मलम लागलेलं असतं, झाडाच्या पोटात ऊन शिरलेलं असतं. काम झालं की व्हायचं आहे, हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून सांगता येतं. आणि स्पॅनिश भूतकाळाचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो: झालं का?

क्रियापद अगदी सरळ आहे. 'पोदार'मधला 'आर' काढला की 'पोद्' उरतं, त्याला प्रत्यय लावायचे. मी छाटलं: पोदेऽ. तू छाटलंस: पोदास्ते. त्यानं किंवा तिनं छाटलं: पोदोऽ. आम्ही छाटलं: पोदामोस. तुम्ही छाटलंत: पोदास्तेइस. त्यांनी छाटलं: पोदारोन. यातलं 'तुम्ही'चं रूप स्पेनमध्येच चालतं, तेही जवळच्या माणसांच्या घोळक्याशी बोलताना. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्या जागी 'उस्तेदेस' म्हणतात आणि पुढं 'त्यांनी'चंच रूप लावतात, त्यामुळं बहुतेक स्पॅनिश जगाचं पाच रूपांवर भागतं. 'एर' आणि 'इर' ने संपणाऱ्या क्रियापदांचे प्रत्यय वेगळे, पण त्या दोघांचे आपसात एकच. विकणे म्हणजे 'बेन्देर': बेन्दीऽ, बेन्दिस्ते, बेन्दिओऽ, बेन्दिमोस, बेन्दिस्तेइस, बेन्दिएरोन. राहणे किंवा जगणे म्हणजे 'बिबीर': बिबीऽ, बिबिस्ते, बिबिओऽ, आणि पुढं तसंच. हे दोन साचे हाताशी आले की नियमित क्रियापदांचा सारा ढीग उपसता येतो. लावणे, खणणे, विकत घेणे, काम करणे, खाणे, उघडणे, सगळं यातच बसतं.

रूपांच्या शेवटी मी अवग्रह घातला आहे तो जोर दाखवायला. स्पॅनिश लिपीत तिथं स्वराच्या डोक्यावर बारीक तिरकी रेघ असते आणि ती रेघ फार काम करते. 'पोदो' म्हणताना जोर 'पो'वर पडला तर 'मी छाटतो'. तोच जोर 'दो'वर गेला तर 'त्यानं छाटलं'. माणूसही बदलला, काळही बदलला. आपल्याकडं जोर इकडचा तिकडं केल्यानं असा अर्थ बदलत नाही, म्हणून मराठी कान त्याकडं लक्ष देत नाही, त्याला ते मुद्दाम शिकवावं लागतं. ठिबकच्या नळ्या तपासत सरीनं चालताना मी ही जोडी मोठ्यानं म्हणत असे: पोऽदो, पोदोऽ. मोठ्यानं म्हटल्याशिवाय ती बसत नाही. डोळ्यांनी वाचून भूतकाळ पाठ होतो, पण ऐकू येत नाही.

मला तो ऐकायचाच होता. आमच्या बगीच्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याची, फळं गळायची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सकाळी गेलं की झाडाखाली हिरव्या-पिवळ्या फळांचा सडा. गळ हे या पट्ट्याचं जुनं दुखणं आहे, तिची कारणं एक नाहीत: कधी बुरशी, कधी फळातला रस शोषणारा पतंग, कधी पाण्याचा ताण, कधी झाडातच ताकद नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशी आम्ही वाचतोच. पण जगात दुसरीकडं लोक मॅन्डरिन कसं पिकवतात, हे बघायची मला ओढ लागली. आपला संत्रा म्हणजे मॅन्डरिन, आणि ताज्या लिंबूवर्गीय फळांच्या निर्यातीत स्पेन जगात आघाडीवर. वालेन्सियाच्या भागात मैलोन्‌मैल बगीचे आहेत, तिथंच मोन्कादाला त्यांची कृषी संशोधन संस्था आहे. तिकडचे शेतकरी झाडाशेजारी उभं राहून मोबाइलवरच्या व्हिडिओत बोलतात, कात्री हातात धरून फांदी दाखवतात. ते बघता बघता भाषा शिकायला घेतली.

त्यात भूतकाळ कळणं किती गरजेचं आहे, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. 'आम्ही खत टाकतो' आणि 'आम्ही खत टाकलं' यात साल वाया जाईल एवढं अंतर आहे. पहिलं वाक्य रीत सांगतं, दुसरं एका वर्षाची हकीकत. आणि नेमकी इथंच स्पॅनिशनं एक अवघड जागा ठेवली आहे. 'पोदामोस' याचा अर्थ 'आम्ही छाटतो' असाही होतो आणि 'आम्ही छाटलं' असाही. 'आर'वाल्या आणि 'इर'वाल्या क्रियापदांत 'आम्ही'चं रूप दोन्ही काळांत एकच. जोरही तिथंच, 'दा'वर. 'पोदामोस देस्पुएस दे ला कोसेचा': आम्ही तोडणीनंतर छाटतो, की आम्ही तोडणीनंतर छाटलं? मोबाइलवर खाली उमटणारं भाषांतर त्यातलं एक बेधडक निवडतं. माणसानं तसं करायचं नाही. आजूबाजूला वेळ सांगणारा शब्द शोधायचा: 'आयेर' म्हणजे काल, 'एल आन्यो पासादो' म्हणजे मागच्या वर्षी. किंवा शेजारच्या वाक्यातलं दुसरं क्रियापद बघायचं. 'एर'वाल्या क्रियापदांत ही अडचण नाही. 'बेन्देमोस' म्हणजे विकतो आणि 'बेन्दिमोस' म्हणजे विकलं, एका स्वरात काम होतं. स्पेनमध्ये आणखी एक खूण मिळते. तिथला शेतकरी चालू वर्षाची गोष्ट सांगताना सहसा 'एमोस पोदादो' म्हणतो, म्हणजे 'छाटलं आहे' आणि मागच्या वर्षाची सांगताना 'पोदामोस'. अर्जेंटिनातला ब्युनॉस आयर्सकडचा बगीचेवाला सकाळी छाटलेल्यालाही 'पोदेऽ'च म्हणेल.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. स्पॅनिशचा भूतकाळ इंग्रजीतून शिकू नका. आपल्या भाषेतून शिका. त्यातही वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातले असाल तर घरच्या बोलीतून शिका.

याला कारण आहे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. एक वर सांगितला तो, झालेल्या कामाचा. दुसरा, चाललेल्या किंवा नेहमीच्या कामाचा: पोदाबा, पोदाबास, पोदाबा, पोदाबामोस, पोदाबाइस, पोदाबान. 'एर' आणि 'इर'साठी: बेन्दीया, बेन्दीयास, बेन्दीया, बेन्दीयामोस, बेन्दीयाइस, बेन्दीयान. हा दुसरा इतका गुणी आहे की अख्ख्या भाषेत तीनच क्रियापदं त्यात नियम मोडतात: असणे, जाणे आणि बघणे. पण इंग्रजीतून शिकणाऱ्याचा जीव इथं मेटाकुटीला येतो, कारण इंग्रजीचं साधं भूतकाळी रूप 'छाटलं'लाही चालतं आणि 'दरवर्षी छाटायचे'लाही. ती भाषा तिथं फरक करायला लावत नाही, म्हणून मग पुस्तकात नियमांची लांबलचक यादी द्यावी लागते, कुठल्या शब्दानंतर कोणता काळ येतो याचे तक्ते येतात.

आपल्याला तक्ता कशाला हवा? 'बाबा दर हिवाळ्यात सल काढायचे', 'काढत असत', 'काढत होते' हे सगळं एका बाजूला आणि 'बाबांनी सल काढली' हे दुसऱ्या बाजूला, ही वाटणी शाळेत न गेलेलं पोरही चुकत नाही. माझी आजी तर 'करे', 'जाये', 'सांगे' एवढ्याच रूपांवर सगळं जुनं आयुष्य सांगे. 'तवा बंडीनं मोर्शीले जाये, तिथं रात रायत.' आणि घडलेली एखादीच गोष्ट आली की तिचं क्रियापद लगेच बदले: 'अन् एक डाव बैलच बसला.' यातलं 'जाये' म्हणजे स्पॅनिशचा दुसरा भूतकाळ आणि 'बसला' म्हणजे पहिला. आमच्याकडं चालू कामाला 'करून राहिलो' म्हणतात, पुण्याकडच्यांना त्याचं नवल वाटतं. 'मी छाटून राहिली होती' हे थेट 'यो पोदाबा'. प्रमाण मराठीत तीन-चार तऱ्हेनं जे सांगता येतं, ते स्पॅनिश एकाच रूपात घालते, एवढाच काय तो फरक. म्हणजे आपल्याला नवं काही वेगळं करायला शिकायचं नाही, असलेलं एकत्र करायचं आहे, आणि ते फार सोपं असतं.

दोन्ही काळ एका वाक्यात आले की हे चांगलं उमगतं. 'आसीया कालोर, पोदाबामोस लोस मान्दारिनोस, इ मी पाद्रे येगोऽ.' ऊन तापत होतं, आम्ही संत्र्याची झाडं छाटत होतो, आणि बाबा आले. ऊन आणि छाटणी ही चालू राहिलेली जमीन, त्यावर बाबांचं येणं उमटलं. मराठीत क्रियापदं जिथं जिथं बदलली, तिथं तिथंच स्पॅनिशमध्येही बदलली. कोणताही नियम आठवावा लागला नाही.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकावा. लांबलेल्या कामाला दुसरा भूतकाळ आणि झटपट झालेल्याला पहिला, असं काही नाही. 'मी पाद्रे त्राबाखोऽ त्रेइन्ता आन्योस एन एस्ते उएर्तो.' बाबांनी तीस वर्षं या बगीच्यात काम केलं. तीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, तरी इथं पहिलाच भूतकाळ येतो, कारण तीस वर्षांना सुरुवात आहे आणि शेवट आहे, दोन्ही धुरे दिसतात. आपणही तिथं 'केलं'च म्हणतो, 'बाबा तीस वर्षं काम करायचे' असं कुणाच्या तोंडी येत नाही. काम किती वेळ चाललं याला महत्त्व नाही, त्याला कड आहे की नाही एवढंच बघायचं.

इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पुढं त्या वेगळ्या होतात, आणि ती जागा मला बाबांच्या वह्यांनी दाखवली.

बाबा बगीच्याची वही लिहीत. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दर सालाची एक. कोणत्या नक्षत्रात किती पाणी पडलं, कोणत्या दिवशी काय केलं. वाक्यं अशी: 'मृगाचं पाणी पडलं. खड्डे केले. शेंदुरजन्याहून कलमा आणल्या. कलमा लावल्या. शेणखत टाकलं. डिंक्या दिसला, मलम लावलं. ताण तोडला. बगीचा दिला.' ज्यांच्याकडं संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते: शेंदुरजनाघाट हे कलमांच्या रोपवाटिकांचं गाव, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तिथं कलमा तयार होतात. डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. बहार यावा म्हणून झाडाचं पाणी काही काळ तोडतात, तो ताण; पाणी पुन्हा दिलं की ताण तोडला. आणि बगीचा देणं म्हणजे झाडावरची फळं व्यापाऱ्याला ठोक विकणं.

सरावाला मजकूर हवा होता. वह्यांपेक्षा चांगला मजकूर कुठून आणायचा, सगळी वाक्यं भूतकाळातली, सगळी कामाची. मी एक जुनी वही घेतली आणि ओळ ओळ स्पॅनिशमध्ये लिहायला बसले. 'पाणी पडलं' सहज झालं: योबिओऽ. पावसाला कर्ता कुणीच नाही, तिथं स्पॅनिशही काही विचारत नाही. पुढची ओळ, 'खड्डे केले'. खणणे म्हणजे 'काबार', नियमित. पण आता काय लिहू? काबेऽ, काबोऽ, काबामोस, की काबारोन? मी, त्यानं, आम्ही, की त्यांनी? 'शेणखत टाकलं' याचीही तीच गत. खत देणे म्हणजे 'आबोनार', आणि आबोनेऽ, आबोनोऽ, आबोनामोस, आबोनारोन यातलं एक निवडल्याशिवाय शब्दच पुरा होत नाही. धातू अर्धा लिहून हात थांबतो.

आपल्या भूतकाळात हे अडत नाही, कारण तिथं क्रियापद कर्त्याचं ऐकतच नाही. खड्डे केले, कलमा लावल्या, खत टाकलं, ताण तोडला. 'केले' का, तर खड्डे अनेक आणि पुल्लिंगी. 'लावल्या' का, तर कलमा स्त्रीलिंगी. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. करणाऱ्याचं नाव सांगायचं असेल तर 'सालदारानं' असं बाजूला जोडता येतं, पण नाही सांगितलं तरी वाक्य लंगडत नाही. स्पॅनिशमध्ये उलट आहे. काय छाटलं, एक झाड की शंभर, याची क्रियापदाला पर्वा नाही, पण कोणी छाटलं हे त्याच्या शेवटच्या अक्षरात असतंच असतं. मराठीतही काही क्रियापदं अशी कर्त्याला धरून राहतात: पिणे, बोलणे, विसरणे, समजणे, शिकणे. मी धडा शिकले. आमच्या गावात बाया 'मी शिकली' म्हणतात. पण शेतातली कामं सांगणारी क्रियापदं जवळजवळ सगळी दुसऱ्या गटातली. टाकणे, खणणे, लावणे, कापणे, वेचणे, निंदणे. ज्या कामांना सगळ्यात जास्त हात लागतात, त्याच कामांच्या वाक्यात हात लिहावे लागत नाहीत.

वही घेऊन मायजवळ गेले. ती तूर पाखडत होती.

"माय, या साली शेणखत कोणी टाकलं?"

"कोनं म्हंजे? म्याच टाकलं. तुह्या बाबाचा पाय मोडला होता तवा. मी अन् दोघी बाया होत्या संग. तिघीनं बंडी भरली, तिघीनंच टाकलं."

"अन् खड्डे?"

"खड्डे सालदारानं केले, त्यानं अन् त्याच्या पोरानं."

"मलम?"

"मलम तुह्या बाबानंच लावलं. काठी टेकत टेकत. त्या मलमाले ते कोनाले हात लावू देत नव्हते."

मी तिथंच बसून लिहिलं. खड्डे: काबारोन, त्यांनी खणले. शेणखत: आबोनामोस, आम्ही टाकलं. मायच्या तोंडून सांगायचं तर 'नोसोत्रास आबोनामोस', कारण 'आम्ही' सगळ्या बाया असल्या की स्पॅनिशमध्ये सर्वनाम वेगळं होतं. मलम: लेप देणे म्हणजे 'उन्तार', बाबांनी लावलं, उन्तोऽ. आणि 'देत नव्हते' याला दुसरा भूतकाळ, 'नो देखाबा', कारण ती एका दिवसाची गोष्ट नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. मायनं एका दमात दोन्ही काळ बरोबर वापरले होते.

ज्या सालाची ती वही, त्या साली बाबांचा पाय मोडला होता हे मला ठाऊक होतं. लहान होते, प्लास्टर आठवतं. पण ते साल निभलं कसं, बगीचा कोणी राखला, हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण वहीत सगळी कामं झालेली होती. खत टाकलं होतं, कलमा लागल्या होत्या. वाक्यं इतकी पुरी होती की विचारायला जागाच नव्हती. त्या दोघी बायांपैकी एक अजून गावात आहे. मी तिच्याकडंही गेले. तिनं आणखी ओळी भरून दिल्या: ताण कोणी तोडला, रात्री मोटर चालू करायला कोण जात होतं, कलमांना काट्या कोणी रोवल्या. माय जिथं 'मजुरानं' म्हणाली होती तिथं तिला नावं ठाऊक होती.

यावरून कुणी मराठीला कमी लेखू नये, आणि मीही लेखत नाही. मायचं ते 'म्या' बघा. पुस्तकी मराठीत 'मी' हे पहिल्या विभक्तीतही 'मी' आणि 'मी केलं' यातही 'मी'. तृतीयेचा वेगळा शब्द आपण लिहिताना सोडून दिला. वऱ्हाडातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांनी तो सोडला नाही. संस्कृतातलं 'मया कृतम्', माझ्याकडून केलं गेलं, ते घासत घासत 'म्या केलं' झालं. आमच्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथंच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र झालं. मराठी गद्याचा तो आरंभ. त्यात पानोपानी येतं: 'सर्वज्ञें म्हणीतलें.' सर्वज्ञांनी, म्हणजे चक्रधरांनी, म्हटलं. कर्ता तृतीयेत, पण जागेवर. जुन्या मराठीत करणाऱ्याचं नाव घ्यायची सोय होती आणि आजही आहे. बाबांच्या वहीत तो नव्हता, कारण ती वही त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती आणि त्यांना ठाऊक होतं.

शिवाय स्पॅनिशलाही करणाऱ्याला बाजूला ठेवता येतं. 'से पोदोऽ एल उएर्तो': बगीचा छाटला. 'से पोदारोन लोस मान्दारिनोस': झाडं छाटली. यात 'से' आलं की क्रियापद आपल्यासारखंच वागू लागतं. बगीचा एक म्हणून 'पोदोऽ', झाडं अनेक म्हणून 'पोदारोन'. कर्मणी प्रयोग ज्याच्या रक्तात आहे त्या मराठी माणसाला हे चुटकीसरशी कळतं, समजावून सांगावं लागत नाही. मला वहीतल्या सगळ्याच ओळी अशा लिहिता आल्या असत्या आणि एका दुपारीत वही संपली असती. तसं केलं नाही. ज्या ओळींचं उत्तर मायलाही देता आलं नाही आणि त्या दुसऱ्या बाईलाही, तेवढ्यांनाच 'से' लावलं. अशा ओळी बऱ्याच आहेत. काही वर्षं तर अशी की त्या कामातलं आता कुणीच नाही.

बाबा जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्याविषयी स्पॅनिशमध्ये लिहिताना प्रत्येक क्रियापदापाशी ठरवावं लागतं, 'पोदाबा' की 'पोदोऽ'. छाटायचे, की छाटलं. सुरुवातीला मी सगळीकडं 'पोदाबा' लिहीत होते. त्या रूपात माणूस अजून बगीच्यात आहे असं वाटतं, फांदी वाकवून बघतोय, कात्रीचा आवाज येतोय. व्याकरणानं ते बरोबरच होतं. पण नुसत्या 'पोदाबा'नं त्यांचं काम सांगून होत नाही. त्यांनी कोरडवाहू वावरात विहीर खणली, पाणी लागलं, पराटी, म्हणजे कपाशी, काढून कलमा लावल्या, उन्हाळ्यात झाडं वाळली तेव्हा टँकरनं पाणी घातलं, अर्धी वाचवली, उरलेल्या जागी पुन्हा लावल्या. ही एकेक केलेली, पुरी झालेली कामं आहेत. यांना 'करायचे' म्हटलं तर ती रोजच्या सवयीत विरघळून जातात. 'काबोऽ', 'प्लान्तोऽ', 'साल्बोऽ': खणली, लावल्या, वाचवली. पहिला भूतकाळ माणसाला आपल्यापासून दूर नेतो असं मला आधी वाटत होतं, आता वाटत नाही. तो केलेल्या कामाचं माप त्या माणसाच्या पदरात घालतो. मग मी दोन्ही वापरू लागले. मलमाला कुणाला हात लावू देत नसत, ते 'देखाबा'. विहीर, ती 'काबोऽ'.

आता माझी पुतणी माझ्यासोबत शिकते. दहावीची परीक्षा झाली आणि ती मोकळीच होती. तिला मी पुस्तक दिलंच नाही, मायच्या बोलण्यातली वाक्यं दिली. 'आजी सांगे' आणि 'आजीनं सांगितलं' यांना वेगवेगळी रूपं लाव म्हटलं, तर तिनं दोन्ही काळ वेगळे केले, आणि तिला ते व्याकरण आहे असंही वाटलं नाही. नियमित क्रियापदांचे दोन्ही साचे तिला येतात. जोर चुकला तर तीच मला थांबवते.

सध्या आम्ही अनियमितांपाशी पोचलो आहोत. पहिलीच ओळ अवघड आहे: जाणे आणि असणे या दोन क्रियापदांची पहिल्या भूतकाळातली रूपं एकच. 'फुए' म्हणजे गेला आणि 'फुए' म्हणजेच होता. पुतणीला हे मुळीच पटलं नाही, ती म्हणाली, "मंग ओयखाचं कसं, आत्या?" मी तिला दोन वाक्यं दिली. 'फुए आल उएर्तो', पुढं जागा आली, म्हणजे बगीच्यात गेला. 'फुए आग्रिकुल्तोर', पुढं नाम आलं, म्हणजे शेतकरी होता. तिनं वहीचं पान उलटलं आणि अशी आणखी वाक्यं आजोबांच्या वहीतून शोधायला घेतली.